लहानीचा नंबर आधी

मलकापूरच्या फलाटावर मला पोचवायला अख्खं घर आलं होतं. लग्नाची हळद अजून अंगावर होती. नवरा पुण्याला नोकरीला, म्हणून मीही पुण्याला, एवढाच त्या प्रवासाचा हिशेब. बाबा दोन्ही हातांत पिशव्या धरून उभे होते आणि गाडी आली तरी त्या खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं. माय पदराने कोरडाच चेहरा पुन्हा पुन्हा पुसत होती. धाकटा गजानन इंजीन बघायला पुढे पळाला होता. आणि माझी थोरली बहीण नंदा, जी खास या दिवसासाठी सासरहून, पिंपळगाव राजाहून आली होती, ती मात्र सकाळपासून काहीतरी लपवत असल्यासारखी हसत होती.

गाडीने शिटी दिली तशी ती खिडकीपाशी आली. पदराखालून मायचा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, डबा काढला, झाकण दाबून धरलं आणि माझ्या कानाशी खुळखुळ वाजवला.

"सांग व, काय हाये याच्यात?"

"फुटाने," मी म्हणाले.

"चूक!" नंदा ओरडली. "अजून चूकच! पुन्याले जाऊन तरी कान सुधरव."

डबा गजांतून आत येईना. मग ती दाराकडे पळाली आणि चालत्या गाडीत माझ्या नवऱ्याच्या हातात तो कोंबला. नव्या जावयाला कळेना हे काय चाललंय. "डबा वापस आनजो, मायचा होय!" हे तिचं शेवटचं वाक्य फलाटावरून ऐकू आलं आणि मग मलकापूर मागे पडलं.

भुसावळ आल्यावर मी डबा उघडला. आत फुटाणे होते.

ज्यांना यातलं काही कळलं नाही त्यांच्यासाठी सांगते, आणि ज्यांना कळलं त्यांनी माझ्याबरोबर पुन्हा एकदा आठवा. तुमच्यातले पुष्कळजण माझ्यासारखेच नांदुऱ्या-मलकापूरकडून निघून कुठे कुठे जाऊन बसले आहेत. तुमच्या मुलींना हे माहीत असण्याचं काही कारण नाही.

आमच्याकडे भाद्रपदाची पौर्णिमा आली की भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, मांडीवर गणपती. तिथून महिनाभर गावातल्या मुली संध्याकाळी टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, भुलाबाईपुढे गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते आणि सगळ्यांसमोर वाजवते. आत काय खाऊ आहे ते नुसत्या आवाजावरून ओळखायचं. ओळखता आलं नाही तर खाऊ मिळणार नाही, अशी धमकी असते. मिळतो सगळ्यांनाच. पण ओळखणारीचा मान काही वेगळाच.

आमच्या वडनेरात हा मान नंदाचा होता. लाह्या वाजतच नाहीत, नुसत्या कुजबुजतात. बत्तासे आपटतात आणि वाजवता वाजवता फुटतात, म्हणून दुसऱ्यांदा वाजवलं की आवाज बदलतो. खारका दार ठोकल्यासारख्या. हे तर कुणालाही कळेल. नंदाला शेंगदाणे खारे आहेत की साधे भाजलेले, तेही कळायचं. बायका मुद्दाम डब्यात फडकं घालायच्या, दोन जिन्नस मिसळायच्या, तरी ती डोळे मिटून, मान जराशी वाकडी करून सांगून टाकायची. मग डब्याचं झाकण निघायचं आणि सगळ्या हुश्श करायच्या.

मी लोकांच्या घरी बऱ्यापैकी ओळखायची. पंचाईत व्हायची ती आमच्याच घरी. आमच्या डब्यात मायने काहीही घातलेलं असो, मला ते फुटाणेच वाटायचे. रेवड्या, फुटाणे. खोबऱ्याचे तुकडे, फुटाणे. एकदा तर मायने चिंचोके घातले, तेव्हाही मी छातीठोकपणे फुटाणे म्हणाले. मैत्रिणी मला फुटानेवाली म्हणू लागल्या. मी रडायची, भांडायची, पण पुढच्या वर्षी डबा वाजला की तोंडातून तेच निघायचं. मला खरंच तेच ऐकू यायचं हो.

नंदाने आधी सांगितलं तर खेळच संपायचा, म्हणून मायने एक नियम करून टाकला होता. "लहानीचा नंबर आधी." मी चुकायची, सगळ्या हसायच्या, माय पण हसायची. मग सगळ्या नंदाकडे बघायच्या आणि एकदम शांतता व्हायची. ती शांतता मला फार आवडायची. माझ्या चुकीनंतर आपली माणसं आहेत, आता सगळं ठीक होणार आहे, असं काहीतरी तिच्यात होतं.

फुटाण्यांचं कोडं मला लेकुरवाळी झाल्यावर उलगडलं. आमचं भाजीचं शेत होतं, वांगी आणि मिरची. बाबा माल घेऊन मलकापूरच्या बाजारात जायचे आणि येताना कागदात गरम फुटाणे आणायचे. घरात पाऊल टाकलं की पहिलं काम म्हणजे फुटाणे त्या जर्मनच्या डब्यात ओतायचे. तो आवाज अंगणात यायचा आणि आम्ही समजायचो, बाबा आले. रांगत होते तेव्हापासून मी त्या डब्याचा तो एकच आवाज कानात साठवलेला. नंतर त्यात कुणी सोन्याची नाणी घातली असती तरी मला बाबाच आलेले ऐकू आले असते. नंदा डबा ऐकायची. मी बाबांना ऐकत होते. यात कान खराब कुठे आहे?

म्हणून गाडीतले ते फुटाणे. माझ्या जन्मात एकदाच त्या डब्याचं माझं उत्तर बरोबर आलं आणि नेमकं तेव्हा ती "चूक" म्हणाली. दिवाळीला डबा परत घेऊन गेले तेव्हा मी तिला धरलं. ती तोंड वर करून म्हणाली, "फुटाने नव्हतेच व ते. तुले तसे वाटले." मी म्हटलं, अगं, मी खाल्ले. तर म्हणे, "मंग जिभीचं बी काम गेलं तुह्या." अशी होती ती. खोटं बोलताना तिच्या गालावर खळी पडायची आणि तरी ती खोटंच बोलत राहायची.

पुण्यात मी एका खासगी हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर लागले. धनकवडीची एक खोली, सकाळची बस आणि समोर लाल दिव्यांचा बोर्ड. आमच्या सुपरवायझर बाई भल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आवाज गोड आहे गं तुझा. फक्त ते 'हाये' आणि 'काऊन' तेवढं काढून टाक." जसं काही गव्हातले खडे. मी काढले. 'एक क्षण थांबा हं, जोडून देते' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं की पुढे पुढे घरी पोळ्या लाटतानाही आवाज तसाच निघायला लागला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? दुकानदार एकदा सांगितलं की माल द्यायला लागला, रिक्षावाल्याने 'गाव कोणतं' विचारणं बंद केलं. पाण्यात राहायचं तर माशांसारखंच पोहावं लागतं.

फक्त कान काही लवकर पुण्याचा झाला नाही. आमच्या घराला हायवेवरच्या ट्रकांचा आवाज बारा महिने असायचा, तो आम्हाला कधी ऐकूच यायचा नाही. पुण्यात तो नव्हता, तर मला रात्रंदिवस त्याचं नसणं ऐकू यायचं. पाहुणी म्हणून माय आली तेव्हा तीही पहिल्या दिवशी म्हणाली, "कसं सुनं सुनं वाटून राह्यलं व इथं." खाली भर रस्त्यावर पीएमटीच्या बसेस ठणाणा करत होत्या.

माझी मुलगी मुक्ता गाणं शिकली, रीतसर, परीक्षा देऊन. ती दहावीत असताना मी तिला हौसेने भुलाबाईची गाणी म्हणून दाखवली, एकामागून एक, जेवढी आठवली तेवढी. तिने सगळी शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "आई, पण हे सगळं एकच गाणं आहे ना?" मी चिडले. एकच कसं? एक सासरच्या वाटेचं, एक वांग्याच्या वाफ्याचं, एक रुसव्याचं. टिपरी पडते ती जागा वेगळी, दम घ्यायची जागा वेगळी. तिला ते ऐकू येईना. मला तिच्या दोन रागांतला फरक कधी ऐकू आला नाही, तसंच हे. तिने मग कीबोर्डवर एक चाल वाजवून दाखवली, अगदी बिनचूक. मी ऐकत राहिले आणि मला ते गाणं ओळखू येईना. आम्ही मुली एक सूर जरासा नाकातून वर ढकलायचो, सगळ्या मिळून, सगळ्याच चुकीचा. तो सूर तिच्या कीबोर्डावर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी पडला होता.

नंदा गेली तेव्हा मुक्ता माझ्या पोटात होती. कावीळ झाली, अंगात उतरली, खामगावच्या दवाखान्यात नेलं आणि दोन-चार दिवसांत सगळं आटोपलं. मी पोचले तेव्हा तिच्या सासरच्या अंगणात सतरंज्या टाकलेल्या होत्या. तिचे फोटो आहेत, लग्नातले. आवाज कुठेच नाही. तेव्हा कुणाकडे मोबाइल होते? टेपवर आवाज भरून ठेवावा एवढी ती महत्त्वाची आहे, असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती घरातलीच होती ना.

पण आवाज राहिला होता, आणि कुठे राहिला होता ते मला लवकरच कळलं. एकदा कामावर गजाननचा फोन आला. आमची ड्यूटी बदलत होती, खोलीत मी एकटीच. बोलता बोलता माझी भाषा आपोआप वळली. "काऊन व्हय? मायले काय झालं?" एवढंच मी म्हणाले आणि रिसीव्हर हातात तसाच राहिला. नंदा बोलली होती. लहानपणी आमचे आवाज एकसारखे होते, इतके की चुलीपाशी बसलेली माय विचारायची, "कोनती व तू?" आणि आम्ही मुद्दाम एकमेकींची नावं सांगायचो. पुण्याच्या भाषेत माझा आवाज माझा होता. वऱ्हाडीत आला की तो तिचा व्हायचा. पलीकडे गजानन पण गप्प झाला होता. त्यालाही ऐकू आलं होतं की काय, मी कधी विचारलं नाही.

त्या दिवसापासून मी गावाकडच्यांशीही पुण्याचंच बोलू लागले. गावात म्हणायचे, वडनेरची शोभी फार शेफारली, शहाण्यासारखी बोलते. म्हणू देत. मेलेली बहीण आपल्याच गळ्यातून बोलते म्हणून मी जपून बोलते, हे कुणाला सांगायचं आणि कसं?

वर्षं गेली तशी बाबा गेले. मायच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. एक डोळा गेला, मग दुसऱ्यानेही उजेड-अंधारापुरतंच काम ठेवलं. विसरभोळेपणा त्याच्या मागोमाग आला. माणसं ती आवाजावरून, पावलांवरून ओळखायची. दूधवाला कोण, सून कोण, मांजर कुठल्या बाजूने आलं, सगळं तिला कळायचं. मला मात्र ती फोनवर ओळखेनाशी झाली.

"आई, मी बोलतेय."

"कोन बोलून राह्यलं जी?"

"मी शोभा."

"शोभी त पुन्याले असते," माय समजुतीने म्हणायची. "थांबा, गजाले देतो फोन."

मला वाटायचं, फोनमुळे असेल. समोर गेले की कळेल. माणूस स्वतःला काय काय समजावतं! रिटायर झाल्यावर पहिल्याच भाद्रपदात मी वडनेरला गेले. बसमधून उतरले तेव्हा दुपार कलली होती. माय ओसरीवर बाजेवर बसलेली. मी वाकून पाया पडले आणि म्हणाले, "आई, कशी आहेस? मी आलेय." तिने हात जोडले. पदर सावरला. "या जी बाई, बसा," म्हणाली, आणि आतल्या दिशेने हाक दिली, "सुनबाई, चा ठेव व, मास्तरीन आल्या."

हसू यावं असंच होतं. गजाननची बायको, माझी वहिनी, हसलीसुद्धा, पण माझं तोंड बघून आत गेली. दोन दिवस माझ्या आईने मला मास्तरीण म्हणून वागवलं. माझ्यापुढे जपून बोलायची, पाय आखडून बसायची, 'तुमी जेवल्या काय' विचारायची. घरची भुलाबाई गजाननच्या मुलींनी मांडली होती. संध्याकाळी टिपऱ्या सुरू झाल्या की माय मला सांगायची, "हे आमच्या इकडलं असते जी, तुमच्याकडं नसन." मी मान डोलवायची. तिला ते दिसत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घालत होते आणि माझा धीर सुटला. "माय," मी म्हणाले, "मले नाई वळखलं काय व तू?"

तिचं अख्खं शरीर वळलं. आंधळे डोळे, पण चेहरा असा उजळला की मी इतक्या वर्षांत तो तसा पाहिला नव्हता. "नंदे!" ती म्हणाली. "कधी आली व माय तू? सांगून त येवा लागत होतं!"

तिने माझे दोन्ही हात धरले आणि विचारत सुटली. पिंपळगावचं पीक कसं आहे, सासू बोलते का नीट, पोट दुखायचं ते थांबलं का. मी उत्तरं देत गेले. पहिलं उत्तर दिलं आणि मग थांबता येईना. माय दोन घास जास्त जेवली, हसली. गजानन मला परसात घेऊन गेला. डोळे पुसत म्हणाला, "राहू दे न ताई. तिच्या जिवाले बरं वाटून राह्यलं." खरं सांगते, मलाही बरं वाटत होतं. मी बोलायची आणि नंदाला ऐकायची. पाटावर बसून भाजी निवडताना मी उगाचच बोलत राहायची, नुसतं ऐकायला. भीती वाटायची आणि तरी बोलावंसं वाटायचं. मास्तरीण कुठे गेली, हे मायने विचारलंही नाही.

पण रोज दुपारी, बाजेवर अंग टाकलं की ती एक गोष्ट विचारायची. "नंदे, शोभी कधी येनार हाये व? तिले म्हनजो, माय वाट पाहून राह्यली. डोये मिटाच्या आधी एकडाव येऊन जाय म्हना." मी तिच्या पायाशी बसलेली असायची. तिचे पाय माझ्या हातात असायचे. आणि मी नंदाच्या आवाजात सांगायची, "येईन न माय. येईन ते."

वहिनी फार बोलत नाही, पण बोलते ते नेमकं. माझं परत जायचं तिकीट होतं त्याच्या आदल्या दिवशी ती चुलीपाशी म्हणाली, "ताई, एक सांगू काय? उद्या तुमी जासान. मंग मायच्या लेखी नंदाताई पुन्हा जाईन. अन् शोभाताई त आलीच नाई." ती कढईत शेंगदाणे भाजत होती, संध्याकाळच्या खाऊचे. तिने उलथनं फिरवलं आणि एवढंच म्हणाली, "दोन्ही बाजूनं त्यायलेच रडाचं हाये."

त्या संध्याकाळी मुली आल्या. टिपऱ्या झाल्या, गाणी झाली. तो एक सूर अजून सगळ्या मिळून तसाच नाकातून वर ढकलतात, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मग मायने हट्ट धरला की डबा तीच वाजवणार. वहिनीने तिच्या हातात डबा दिला. तोच, जर्मनचा, झाकणाला पोचा आलेला. मुली गोल करून बसल्या. मायने मला बाजेपाशी ओढून बसवलं.

"शोभीचा नंबर आधी असते," ती पोरींना म्हणाली. "लहानी होय न ते. पन ते पुन्याले हाये. मंग नंदे, तूच सांग."

आणि तिने डबा वाजवला.

आत शेंगदाणे होते. मला माहीत होतं. दुपारभर घरात त्यांचा वास होता, मी स्वतः दोन तोंडात टाकले होते. शेंगदाणे म्हणायचं, की नंदाने ओळखलं, मुली टाळ्या वाजवणार, माय पोरींना अभिमानाने सांगणार की बघा, माझ्या नंदीचा कान. उद्या जायचं, ते नंदा म्हणून जायचं. मी तोंड उघडलं. पण मायने डबा दुसऱ्यांदा वाजवला आणि माझ्या कानाने काही ऐकलंच नाही माझं. त्याला वास माहीत नव्हता, कढई माहीत नव्हती, वय माहीत नव्हतं. अंगणात बाबा आले होते आणि कागदातून काहीतरी ओतत होते.

"फुटाने," मी म्हणाले.

मुली खो खो हसल्या. मायचा हात थांबला. डबा मांडीवर ठेवून तिने माझा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, हनुवटी.

"चूक," ती हळूच म्हणाली. "शोभे! कधी आली व तू? मले कोनी सांगतलंच नाई!"

मी तिच्या मांडीत डोकं खुपसलं आणि लहान मुलीसारखी रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, पोरींना सांगत होती, हे माही फुटानेवाली, हिले काही बी वाजवून दाखवा, हे फुटानेच म्हनते. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिचा हात पाठीवर थबकला. तिने मान उचलली, इकडे तिकडे वळवली, ओसरीवरच्या सगळ्या आवाजांतून काहीतरी शोधावं तशी.

"अन् नंदी कुठी गेली? आत्ता त इथीसा होती."

मुली हसायच्या थांबल्या. मला त्या क्षणी आवाज काढायची भीती वाटली, कारण जो निघाला असता तो तिचाच.

"गेली काय," माय स्वतःशीच म्हणाली. "थांबाचं होतं न जरासक. तिनं बरोबर सांगतलं असतं."

मग तिने डबा उघडला, चाचपून चाचपून पोरींच्या ओंजळीत शेंगदाणे घातले, माझ्या ओंजळीत घातले. एक मूठ डब्यात तशीच ठेवली आणि झाकण घट्ट लावलं.

आता मी पुण्यात आहे. मुक्ता तिच्या घरी, तिच्या गाण्यात. तुम्हीही कुठे ना कुठे आहात, दुसऱ्या मजल्यावर, बाराव्या मजल्यावर, कुणी समुद्रापलीकडे. घर म्हणजे काय, यावर आपण निघून गेलेली माणसं फार बोलतो. कुणी म्हणतं माती, कुणी म्हणतं चूल. माझ्यापुरतं मला एवढंच कळलंय की माझी चूक जिथे ओळखीची आहे ते माझं घर. बरोबर उत्तर दिलं तर ते कुणाचंही असू शकतं. आणि त्या घरात माझ्याशिवाय आणखी एकीचा नंबर अजून राखून ठेवलेला आहे. तोही आता मलाच सांभाळायचा आहे.

रविवारी संध्याकाळी मी फोन लावते. भाद्रपद असो की नसो, गजानन मोबाइल मायच्या तोंडापाशी धरतो आणि ती त्यापुढे डबा वाजवते. मोबाइलवर तो आवाज असा चिरकतो की नंदालाही कळलं नसतं. वहिनी मला आधीच व्हॉट्सॲपवर कळवून ठेवते, 'आज बत्तासे', 'आज रेवड्या'.

"सांग शोभे, काय हाये?"

"फुटाने," मी म्हणते.

"चूक!" माय हसते. अगदी तसंच, मनापासून. आणि मग हसणं थांबवून ती गप्प होते. गजानन पण गप्प. तिकडे हायवेवरून ट्रक जातात तेवढे ऐकू येतात. थोरलीचा नंबर असतो. मी घसा साफ करते, डोळे मिटते आणि सांगते, "बत्तासे हायेत, माय."